काचेमागची माणसं

जुन्या घरांतल्या तसबिरी भिंतीला सपाट टेकलेल्या नसत. खालची कड दोन खुंट्यांवर, वरची सुतळीने मागे बांधलेली आणि सगळी चौकट पुढे झुकलेली. कारण साधं होतं. बघणारा खाली बसलेला असे, पाटावर, चटईवर, घोंगडीवर. त्यामुळे जेवताना मान वर केली की भिंतीवरचे पणजोबा थेट आपल्या ताटात बघतायत असं वाटायचं, आणि पानात टाकायचं धाडस व्हायचं नाही. त्या चौकटीमागे जी तिरकी पोकळी उरे तिच्यात चिमण्या घरटं करत. उन्हाळ्याच्या तोंडाशी काड्या, कापूस, केरसुणीचे तुकडे खाली पडायला लागले की आई कुरकुरायची, पण तसबिरीला कुणी हात लावत नसे. पिल्लं उडून गेली की मगच काच पुसायची. पुढे पणजोबांचा करारी चेहरा, मागे अखंड चिवचिव. आपल्या सामूहिक आठवणींचंही बरंचसं असंच असतं असं मला वाटतं. पुढे एक चेहरा स्थिर बसलेला असतो आणि खरी हालचाल त्याच्या मागे, न दिसणाऱ्या जागेत चाललेली असते.

त्या भिंतीवर रांगेचा एक क्रम होता. मध्ये देव. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, आणि तिथल्या दगडी शिळांवरून उतरलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. तोवर देव बहुतेक देव्हाऱ्यात किंवा देवळात असे. आता तो सोनेरी पट्टीच्या चौकटीत, काचेमागे आला. माणसांचे फोटो आले तेव्हा त्यांना तीच चौकट मिळाली, तीच काच, तोच हार, आणि सणावारी काचेवर कुंकवाचं बोटही तेच. देवांच्या एका बाजूला घरातली गेलेली माणसं, दुसऱ्या बाजूला पुढारी. कुठे टिळक, कुठे गांधी, कुठे शाहू महाराज, कुठे जोतीराव, कुठे बुद्ध आणि बाबासाहेब. परक्या गावात कुणाच्या घरी गेलं तर तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत त्या घराची जात, पक्ष आणि श्रद्धा कळून जायची. विचारावं लागत नसे. आपण आडनावांवरून जे ताडतो ते भिंत न विचारता सांगत असे.

फोटो काढायचा तो तालुक्याच्या गावी, स्टुडिओत. तिथला पडदा हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यावर रंगवलेला जिना कुठेच जात नसे, तळ्यातले हंस कुठल्याच तळ्यात नसत, आणि सज्जाचे खांब असे की त्या तालुक्यात तसा एकही वाडा नाही. कोपऱ्यात तिवई, तिच्यावर कागदी फुलं किंवा तार नसलेला टेलिफोन. भिंतीला आरसा, कंगवा, पावडरचा डबा, आणि खुंटीवर एक कोट, जो गावातल्या निम्म्या पुरुषांच्या फोटोत आहे. कोट एकच, बाह्या कुणाला आखूड, कुणाला लांब. काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोग्राफर आतून ओरडे, “हनुवटी जरा खाली. हलू नका.” माणसं न हलता बसत. आपल्याला जुने लोक एवढे गंभीर का दिसतात, याचं अर्धं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. उरलेलं अर्धं असं, की फोटोसाठी हसणं हे त्यांना आगाऊपणाचं वाटे. आयुष्यात एखाददुसराच फोटो निघणार, तो पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर टांगला जाणार, मग तिथे दात दाखवून काय करायचं?

फोटो निघाल्यावर खरं काम सुरू व्हायचं. निगेटिव्ह उजेडासमोर धरून टोकदार पेन्सिलीने चेहरा साफ करायचा. सुरकुती जायची, डोळ्यांखालचं काळं जायचं, देवीचे व्रण बुजायचे. भारतात देवीचा शेवटचा इथलाच रुग्ण १९७५ मध्ये सापडला. स्टुडिओतून मात्र ती त्याआधी कित्येक वर्षं हद्दपार झालेली होती. ज्या पिढीत दर चार घरांमागे एखाद्या चेहऱ्यावर व्रण असायचे त्या पिढीचे फोटो बघा, सगळे कसे गुळगुळीत. उद्या कुणी फक्त या फोटोंवरून त्या काळाचा इतिहास लिहायला बसला तर रोगराईचं प्रकरण त्याच्या हातून सुटूनच जाईल.

गेलेल्या माणसाचाच फोटो नसेल तर शेवटचा फोटो काढून घेत, आणि मग मिटलेले डोळे ब्रशने उघडत. ते डोळे थोडे वेगळे बघतात, खोलीतल्या कुणाकडेच नाही असे. आणि जोडफोटो तर कितीतरी घरांत होता. आमच्या घरातला आजी-आजोबांचा फोटो असाच आहे. आजोबा एका गटफोटोतून कापून काढलेले, फेटा बांधलेले, तिशीतले. आजीचा फोटो ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी काढला, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली, कपाळ मोकळं. रंगवणाऱ्याने तिचे केस काळे केले, कपाळावर चंद्रकोर रेखली, गळ्यात काळे मणी घातले, खांद्याला खांदा लावून दोघांना एका बाकावर बसवलं आणि मागे तोच तो कुठेच न जाणारा जिना काढला. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही हा ‘लग्नानंतरचा’ फोटो म्हणून दाखवत आलो. आजीला विचारलं तर ती म्हणायची, “एवढ्या जवळ ते कधी बसले नाहीत गं.” आणि मग पदराने काच पुसायची, दोघांवरून सारखीच.

हे खोटं म्हणावं का? मला नाही वाटत. तो फोटो जे झालं ते सांगत नाही. आम्हाला आठवायला काय हवं होतं ते सांगतो, आणि कुटुंबाच्या आठवणीत ही दुसरी गोष्ट पहिलीवर सहज मात करते. समाजाचंही तेच होतं, फक्त तिथे रंगवणारा कोण ते दिसत नाही.

गटफोटोंची तऱ्हा याहून बोलकी. शाळेचा, बँकेचा, लग्नाच्या वऱ्हाडाचा. खुर्च्यांवर मानाची माणसं, मागे उभे, पुढे मांडी घालून पोरं. आमच्याकडच्या एका लग्नाच्या फोटोत अगदी उजव्या कडेला एक हात आहे. कोपरापर्यंतचा, काचेच्या बांगड्यांचा, त्यात पितळी लोटा. बाई चौकटीबाहेर राहिली आहे. तिचं नाव सांगणारं कुणी आता नाही. वाढपी असेल, लांबची विधवा नातलग असेल, गड्याची बायको असेल. फोटोतल्या बाकी सगळ्यांची नावं मला पाठ आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फारसं कुतूहल नाही. माझी नजर दर वेळी त्या लोट्याशी जाऊन थांबते.

जोडकाम हे काही तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांचं संशोधन नव्हे. कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या देशी सभासदांपैकी. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या कित्येक फोटोंत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागची देवळं, तळी, रस्ते दुसऱ्याच फोटोतून आणून चिकटवलेले आहेत. म्हणजे आजीच्या मागचा जिना आणि जॉन्सनच्या माणसांमागचं देऊळ एकाच जातकुळीचे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. तिथेही बहुतेक माणसाखाली त्याचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं नाव आहे. १८५७ नंतरचं ते सरकार. आपण कुणावर राज्य करतोय याची यादी त्याला हवी होती, आणि कॅमेऱ्याइतका चोख कारकून दुसरा मिळणार नव्हता.

गंमत अशी की आज आपण याच काळातले फोटो ‘जुनी मुंबई’, ‘आपला वारसा’ म्हणून दिनदर्शिकांवर छापतो, हॉटेलांच्या भिंतींवर मोठे करून लावतो, आणि मिसळ खाता खाता “काय दिवस होते!” म्हणतो. दिवस त्यांचे होते की नव्हते हे चौकटीतल्या माणसांना कुणी विचारलेलं नाही. ती उभी आहेत, कारण त्यांना उभं केलं गेलं.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण प्लेगचं. १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, झडत्या सुरू झाल्या, आणि या सगळ्या बंदोबस्ताचे फोटो काढले गेले. कॅप्टन सी. मॉस याच्या नावावरचे मुंबईचे फोटो आजही बघायला मिळतात. तात्पुरती इस्पितळं, खाटांच्या रांगा, विलगीकरणाच्या छावण्या, बंबाने पाण्याचा झोत मारून धुतली जाणारी घरं, पेटलेल्या चिता. फोटो म्हणून उत्तम. उजेड नेमका, मांडणी रेखीव. खालच्या ओळीत काय काम चाललंय ते लिहिलेलं असतं. ते कुणावर चाललंय, ते नाही. खाटेवरची बाई कॅमेऱ्याकडे बघते आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ती अनामिक आहे.

पुण्यात सोजीर घरांत शिरले, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत. त्या क्षणी चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने काढलेला फोटो असणं शक्यच नव्हतं, कारण कॅमेरा तिच्या बाजूला नव्हताच. तिची बाजू राहिली ती तोंडी. ‘उंदीर पडायला लागले’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या. आमच्या आत्याच्या तोंडी माणसांच्या वयाचा हिशेबच प्लेगवरून होता. हा पहिल्या प्लेगातला, ती दुसऱ्या प्लेगाच्या आधीची. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, ती पाठ्यपुस्तकात गेली. माळावरच्या झोपड्या ना फोटोत आहेत ना पुस्तकात, आणि ज्यांनी त्यांच्याबद्दल ऐकून घेतलं ती माणसंही आता संपत आली.

त्याच साली, त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या. तारीख १० मार्च १८९७. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. छावण्यांचे, बंबांचे, खाटांचे इतके फोटो निघाले, पण साठी ओलांडलेली एक बाई पाठीवर मूल घेऊन चालली आहे याचा फोटो नाही. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण फेकलं जायचं, त्याचाही नाही. तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी मुलीला विचारा, तिला ते दृश्य लख्ख दिसतं. गल्ली दिसते, पिशवीतलं दुसरं लुगडं दिसतं, मान वर करून चालणं दिसतं. ३ जानेवारीला कितीतरी मुली कपाळावर आडवी चिरी ओढून ते चालणं चालतात. जिथे काचेची प्लेट पोचली नाही तिथे समाजाने आपल्या अंगावर ते चित्र काढून घेतलं. मला वाटतं सामूहिक आठवणीबद्दल जे काही समजून घ्यायचं ते इथे आहे. तिला फोटो लागतोच असं नाही. तिला एक थांबलेलं दृश्य लागतं, आणि मिळालं नाही तर ती ते घडवते.

घडवते, म्हणजे कधीकधी भलतंही घडवते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचं समकालीन चित्र पुढे आणलं. तोवर इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, आणि लोक त्यालाही हात जोडत होते. झाशीच्या राणीचा म्हणून एक फोटो मोबाइलवर दर काही महिन्यांनी येतो, राणीच्या पुण्यतिथीला तर हमखास. तो तिचा आहे असं खात्रीने म्हणावं असा पुरावा नाही. हल्ली तर यंत्रांनी रंगवलेले आणि हलवलेले फोटो येतात. लोकमान्य डोळे मिचकावतात, जोतीराव मान वळवतात. “हलू नका” म्हणणारा आतला माणूस गेला आणि सगळे हलायला लागले. मला हे बघवत नाही, पण ज्यांना ते आवडतं त्यांना मी दोष देऊ शकत नाही. आजीचे केस काळे करणारा रंगारी यांच्याहून वेगळं काय करत होता?

नसलेल्या फोटोची जागा कशी भरली जाते त्याचं आणखी एक उदाहरण. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशांच्या नावावर छापले जात. स्वातंत्र्याच्या दिवसांतली दिल्ली, माउंटबॅटन, नेहरू हे आपल्या डोळ्यांसमोर येतात ते पुष्कळदा त्यांच्या भिंगातून. पण ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला भवनात नव्हत्या. जायला निघाल्या होत्या, पतीने उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून थांबवलं. त्या हुकलेल्या संध्याकाळची खंत त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. गांधींवर गोळ्या झाडल्या त्या क्षणाचा फोटोच नाही. आपल्याला मात्र तो दिसतो, हिरवळ, जोडलेले हात, वाकलेला माणूस. कारण १९८२ मध्ये ॲटनबरोंच्या सिनेमाने तो दाखवला. देशातल्या सगळ्यात मोठ्या खुनाची आपली आठवण एका चित्रीकरणातून आलेली आहे, हे लक्षात आलं की जरा अंगावर काटा येतो.

याच्या उलटं एक उदाहरण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. बाबासाहेबांना फोटोचं महत्त्व पुरतं कळलं होतं असं त्यांचे फोटो बघताना वाटत राहतं. कोट, टाय, हातात पुस्तक. ज्या समाजातल्या माणसांना सरकारी खंडांत जातीच्या नावाखाली उघड्या अंगाने उभं केलं गेलं, त्याच समाजातला माणूस स्वतःच्या अटींवर कॅमेऱ्यासमोर बसला. राजगृहातला घरचा एक फोटो आहे, १९३४ चा. रमाबाई, यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि पायाशी टॉबी नावाचा कुत्रा. एरवी गटफोटोच्या कडेला हात तेवढा उरतो अशी माणसं इथे मधोमध आहेत, आणि प्रत्येकाचं नाव लोकांना ठाऊक आहे. कुत्र्याचंसुद्धा. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून केलं. कुणी सांगितलं नव्हतं. हे जपलं पाहिजे असं एका माणसाला वाटलं, आणि आज दादरला लोटणारी गर्दी तो जनसागर जेव्हा पडद्यावर बघते तेव्हा आपल्याच आजोबांना शोधत असते. ज्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही त्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि तोच आजोबांचाही फोटो आहे.

पाण्याने गेलेल्या फोटोंबद्दल थोडं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात गेले, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांची भिंतच धुऊन निघाली. ‘पुराआधीचा फोटो नाही आमच्याकडे’ हे वाक्य तिथे अजून ऐकू येतं. पुराचे फोटो मात्र पुष्कळ आहेत. आणि भीमेवर उजनी धरण झालं तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होड्यांतून जातात, शिखराचे फोटो काढतात, फार सुंदर येतात. त्या देवळाभोवती गाव नांदत होतं त्या काळातले तिथल्या घरांचे, ओट्यांचे, बाजाराचे फोटो कुणी काढले असतील? शेतकऱ्याच्या घरी कॅमेरा कुठून येणार? देऊळ दर वर्षी नव्याने आठवलं जातं. गाव आठवणारे दर वर्षी कमी होतात.

आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एका बारशाचे चारशे फोटो निघतात आणि फोन बदलला की जातात. भिंती मोकळ्या झाल्या, रंग चांगले आले, तसबिरी माळ्यावर गेल्या. माळ्यावरच्या पेटीत पाठकोरा असा एखादा गटफोटो असतोच, आणि त्यातल्या माणसांना ओळखणारं घरात एखादंच कुणी उरलेलं असतं, बहुधा ऐंशी ओलांडलेलं.

तेव्हा एवढं कराच. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा ती पेटी खाली काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मध्ये बसवा आणि एकेक फोटो हातात द्या. कोण, कुठलं, कुठल्या साली, शेजारी कोण, कडेला उभी आहे ती कोण, हे विचारा, आणि मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाबाने पुढे वळ उमटतो आणि शाई झिरपते. पडद्यावरचा जिना खोटा होता, कोट उसना होता, हेही लिहा. आणि कामाला आलेल्या बायकांची नावं आधी विचारा, कारण तीच सगळ्यात आधी विसरली जातात.